हा दुपट्टा कोणाचा जी?

सिंदीला आमच्या घरी एकच खोली होती. आई-बाबा, आम्ही तिघी बहिणी आणि पावसाळ्यात दोन शेळ्या, असा त्या खोलीतला संसार. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आत शिरलं की हवाच पांढरी दिसते. रुईचे बारीक तंतू सगळीकडे उडत असतात आणि माणसं खांद्यावरचा दुपट्टा नाकातोंडाला गुंडाळून काम करतात. हंगाम असेपर्यंत हे काम, हंगाम सरला की गोदामावर पोती वाहायची, आणि तेही नसलं की दारात बसून रस्ता बघायचा. आई कापूस वेचायला जायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं इतकी चिरलेली असायची की भाजीत मीठ टाकायला ती मला हाक मारायची. चिमूटभर मीठ आईच्या हातात धरवत नाही, हे सगळ्यांच्याच घरी असतं असं मला लहानपणी वाटायचं.

मला वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरातून त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, सिंदी (रेल्वे), पण रेल्वेच्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा यांचं कधी जमलं नाही. म्हणून एसटी. सकाळची एसटी आमच्या स्टँडवर येऊन वळायची. ती रिकामी यायची आणि थांबायच्या आत भरायची. भरायची म्हणजे माणसांनी नाही, खिडकीतून आत पडणाऱ्या वस्तूंनी. रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर कोणाचं तरी भाकरीचं फडकं. ज्याची वस्तू सीटवर, त्याची सीट.

बाबा कामावर जाता जाता स्टँडवर यायचे. बसच्या बाजूने धावत अंगावरचा दुपट्टा खिडकीतून नेमका आत फेकायचे आणि मला म्हणायचे, "जाय, बस अन् वाच." घरी अभ्यासाला जागा नव्हती, त्यामुळे ती सीट हीच माझी खोली. दुपट्ट्याची घडी मांडीवर, घडीवर पुस्तक. संध्याकाळी घरी आले की दुपट्टा खुंटीला. कॉलेज संपेपर्यंत हा क्रम चालला.

संपादकांनी या अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मला आधी हा दुपट्टाच आठवला. कारण माझ्या कामातला सगळ्यात मोठा धक्का मला त्यानेच दिला. एकदा नाही, दोनदा.

आता काम काय ते सांगते. माझ्या मावशीला मी अनेकदा सांगितलंय. ती दरवेळी विचारते, "म्हंजे कॉम्पुटर बिघडला का तू नीट करतं, हो ना?" मी हो म्हणते, पण ते तसं नाही. लग्नाच्या पंगतीत दहा वाढपी असतात ना, तसं समजा. हल्लीची मोठी कामं एका कॉम्प्युटरवर होत नाहीत. दहा, वीस, शंभर कॉम्प्युटर वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच पंगत वाढत असतात. त्यातला एखादा वाढपी आजारी पडून घरी गेला, तर अडचण नाही. बाकीचे त्याची ओळ वाटून घेतात. खरा घोळ घालतो तो हातात भाजीची बादली घेऊन गप्पा मारत उभा राहिलेला. तो आहे म्हणून दुसरा कोणी त्या ओळीत जात नाही, आणि त्याच्या ओळीतली माणसं कोरडा भात घेऊन बसलेली. बंद पडलेलं मशीन सगळ्यांना कळतं. हळू पडलेलं मशीन कोणालाच कळत नाही. ते ओळखायचं आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, तेही माणसाने नाही, प्रोग्रामने. असा प्रोग्राम मी आणि माझ्या टीमने नागपूरच्या आमच्या कंपनीत लिहिला. आमच्याकडे पिकं राखायला शेतात जागलीला जातात, म्हणून मी त्याचं नाव जागल्या ठेवलं. आमचे टीमप्रमुख अनिरुद्ध सर पुण्याचे. त्यांना नाव एवढं आवडलं की ते मीटिंगमध्ये इंग्रजी बोलतानाही जागल्याच म्हणायचे.

जागल्याला आम्ही ज्या कामावर बसवलं ते साधं नव्हतं. काही जिल्ह्यांतली आरोग्य केंद्रं आणि अँब्युलन्सच्या गाड्या यांना जोडणारी ती व्यवस्था होती. केंद्रातला ऑपरेटर स्क्रीनवर पेशंटचं नाव, गाव, त्रास भरतो, पाठवतो, आणि जवळची मोकळी गाडी निघते. म्हणजे आमच्याकडे मशीन हळू पडलं तर कोणाचा सिनेमा अडकत नव्हता. कोणाची तरी गाडी अडकत होती.

पहिला दणका लवकरच बसला. एका केंद्राचं मशीन रोज सकाळी, बरोबर पेशंटांची रांग लागायच्या वेळी, मंद व्हायचं. जागल्या ते रोज ओळखायचा, त्याचं काम शेजारच्या मशीनवर टाकायचा आणि आमच्या स्क्रीनवर हिरवी खूण करायचा. हिरवी खूण म्हणजे "दुरुस्त केलं." आम्ही खूश. अनिरुद्ध सरांनी त्या हिरव्या खुणा ग्राहकाला कौतुकाने दाखवल्या. तिकडून ऑपरेटरचा फोन यायचा, "मॅडम, तुमचं मशीन सकाळी सकाळी झोपून राह्यते जी, त्याले उठवा ना." मी म्हणायचे, उठवलंय भाऊ, आत्ताच उठवलंय.

मग एकदा मी स्वतः त्या मशीनच्या आत डोकावले आणि हबकलेच. त्याचं घड्याळ कोणीतरी भलत्याच देशाच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. तिकडे मध्यरात्र झाली की हे बापडं झाडलोट, जुन्या नोंदी आवरणं वगैरे रात्रीची कामं काढायचं. आणि तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली दवाखान्याची सकाळ. घड्याळ सरळ केलं, दुखणं गेलं. पण मला हिरव्या खुणेची तेव्हापासून धास्ती बसली. पेशंटला रोज उन्हात बसवायचं आणि डॉक्टरने रोज तापाची गोळी देऊन "बरा केला" म्हणायचं, असं ते चाललं होतं.

यानंतर आलं ते गिरडच्या बाजूचं प्रकरण.

समुद्रपूर तालुक्यातल्या केंद्रांकडून तक्रार होती की स्क्रीन उघडतच नाही, उघडली तर पुढे सरकत नाही. जागल्याने तपासलं. मशीन थकलेलं नाही, डोकं रिकामं, हात रिकामे, तरी दारात रांग. त्याने त्याच्या अकलेप्रमाणे आणखी एक मशीन जोडलं. तेही भरलं. आणखी एक जोडलं. तेही भरलं. काम कोणीच करत नाही आणि जागा कोणालाच नाही. अनिरुद्ध सर म्हणाले, "हे कसं शक्य आहे? बस भरलीये आणि आत माणूस नाही?"

मी दुसऱ्या दिवशी गिरडच्या अलीकडच्या एका केंद्रावर जाऊन बसले. तिथले ऑपरेटर विनोदभाऊ. पस्तिशीचे, शर्टाच्या खिशाला पेन, तोंडात सदैव सुपारी. त्यांनी सकाळी आल्या आल्या पंख्याच्या आधी कॉम्प्युटर लावला आणि आमच्या व्यवस्थेच्या पाच-सहा खिडक्या एकापाठोपाठ उघडून तशाच सोडून दिल्या. पेशंट एकही नव्हता.

"विनोदभाऊ, एवढ्या खिडक्या काऊन उघडून ठेवल्या?"

"दुपट्टा टाकून ठेवला जी," ते म्हणाले. "मंग गर्दीत जागा भेटत नाई. समदेच टाकतेत. तो खालच्या केंद्राचा तर दहा टाकते."

सर्व्हरमध्ये एका वेळी ठरावीक जणांनाच जागा असते. तालुकाभरातल्या ऑपरेटरांनी खिडकीतून रुमाल टाकून त्या सगळ्या सकाळीच धरल्या होत्या. कोणत्याही पुस्तकात हे दुखणं या नावाने नाही. कॉलेजच्या परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आणि ज्या सीटवर बसून ते पाठ केलं ती सीटही अशीच धरलेली. तरी मला ते दिसलं नव्हतं.

उपाय सरळ वाटला. जो जागा धरून बराच वेळ गप्प आहे, त्याची जागा जागल्याने मोकळी करायची. अनिरुद्ध सरांनी एका दमात मान्य केलं. आधी एकाच केंद्रावर चालवून बघू, मी तिथे समोर बसते, असं मी म्हटलं. केंद्र अर्थातच विनोदभाऊंचं.

त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसले. जागल्या कामाला लागला. विनोदभाऊंच्या रिकाम्या खिडक्या एक एक करून बंद झाल्या, खरं काम पटापट व्हायला लागलं. विनोदभाऊ म्हणाले, "मॅडम, आज तं गाडी एकदम हायवेवर हाय." मला मनातून गुदगुल्या झाल्या. सिंदीच्या जिनिंगवाल्याची पोरगी, आणि माझा प्रोग्राम आता अख्ख्या तालुक्याची वाट मोकळी करणार.

दुपारी फोन आला. एका गावाहून पहिलटकरीण ऑटोतून निघाली होती, बाळ आडवं आहे आणि रक्त जातंय, असं तिथल्या आशाताईने कळवलं. आमच्या केंद्रात तिचं काही होण्यासारखं नव्हतं. तिला वर्ध्यालाच हलवायला हवं होतं. विनोदभाऊंनी लगेच अँब्युलन्सची नोंद भरायला घेतली. नाव, गाव, त्रास लिहून झाला. तेवढ्यात ऑटो फाटकात आला आणि बाहेरून सिस्टरबाई ओरडल्या, "विनोद, धर इकडे. स्ट्रेचरले माणूस नाई."

विनोदभाऊ खुर्ची लोटून धावले. पाठवायचं बटण राहिलं.

मीही उठले, दार धरून उभी राहिले. ऑटोतून तिला काढायला चौघं लागले. तिची सासू मागून उतरली, पदर तोंडात. सगळं आत नेईपर्यंत वेळ गेला. मी टेबलाशी परत आले. विनोदभाऊंची स्क्रीन कोरी होती, पहिल्या पानावर. माझ्या लॅपटॉपवर जागल्याची ओळ उमटली होती: "गप्प जागा मोकळी केली. गती सुधारली." समोर हिरवी खूण.

मला आधी कळलंच नाही मी काय वाचतेय. मग ती ओळ पुन्हा वाचली.

विनोदभाऊ हात पुसत आले, स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि वळून सासूबाईंना म्हणाले, "गाडी सांगतली आजी, येऊन राह्यली. घाबरू नका."

त्यांची चूक नव्हती. आमच्या व्यवस्थेत नोंद पाठवली की स्क्रीन कोरी व्हायची. म्हणजे कोरी स्क्रीन म्हणजे "गेलं." इतकी वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. आज मात्र ती कोरी झाली होती जागल्याने जागा काढून घेतल्यामुळे, आणि जागेबरोबर अर्धी भरलेली नोंदही गेली होती. बाई आत कण्हत होती, सासूला वाटत होतं गाडी निघाली, विनोदभाऊंना वाटत होतं गाडी निघाली, आणि अख्ख्या जिल्ह्यात एकही गाडी हलली नव्हती. हे माहीत असलेली त्या खोलीत मी एकटी. मी तिथे बसले नसते तर ते कोणालाच माहीत नसतं.

"विनोदभाऊ, गाडी सांगितलीच नाही गेली."

"काय म्हणता मॅडम? हे पाहा ना, गेलं."

"नाही गेलं. पुन्हा भरा. मी फोन लावते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. ते भरत होते, मी नियंत्रण कक्षाला फोनवर तेच ओरडून सांगत होते, आणि दुसऱ्या हाताने जागल्या बंद करत होते. दारातून सासूबाईंनी विचारलं, "बाई, किती दूर असन गाडी?" मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "निघतेय, आजी." तोवर खरंच निघाली होती.

गाडी आली. सिस्टरबाई तिच्याबरोबर गेल्या. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून अनिरुद्ध सरांना फोन लावला.

"मी जागल्या बंद केलाय, सर."

"का? इकडे आकडे तर उत्तम दिसतायत."

"ती जी गती सुधारली ना सर, ती एका बाईची गाडी रद्द करून सुधारली."

मग ते हळूच म्हणाले, "गाडी मिळाली का तिला?"

मिळाली, मी म्हटलं. अजूनही ती हिरवी खूण मला आठवते. चूक करणारं मशीन मी खूप बघितलंय. चूक करून स्वतःची पाठ थोपटणारं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी विनोदभाऊंनी वर्ध्याला फोन करून विचारलं. ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली, दोघी ठीक. विनोदभाऊंनी मला पेढा नाही, खिशातली सुपारी दिली. "खा मॅडम, चेहरा पांढरा पडला तुमचा. म्या तं तुमच्याचसाठी स्ट्रेचर आणत होतो." मी हसले, आणि हसताना रडू आलं.

परतीची एसटी समुद्रपूरकडे निघायच्या बेतात होती. मी चढले. मधल्या सीटवर एक लाल दुपट्टा पडलेला, शेजारी माणूस नाही. एक काकू टोपली सांभाळत आल्या. त्यांना बसायचं होतं. त्यांनी दुपट्ट्याला हात लावला नाही. आधी बसभर विचारलं, "हा दुपट्टा कोणाचा जी?" कोणी बोललं नाही. मग खिडकीतून बाहेर तोंड काढून, "अहो, लाल दुपट्टा कोणाचा?"

नळाकडून आवाज आला, "माहा हाय, माहा हाय. पाणी भरून राह्यलो, उचलू नका."

"मंग लवकर ये ना बाप्पा. का नवरदेवासारखं बोलावणं पाठवू?"

बस हसली. तो बाटली घेऊन धावत आला. मी मात्र दांडी धरून तशीच उभी. आमच्याकडे दुपट्टा टाकायची रीत आहे, ती मला सापडली होती. पण त्या रीतीचा दुसरा अर्धा भाग असा की विचारल्याशिवाय कोणी दुपट्टा उचलत नाही. कारण टाकणारा कुठेतरी जवळच असतो; पाणी भरत, नाहीतर म्हातारीला चढवत. माझ्या जागल्याला अर्धीच रीत शिकवली होती. गप्प असलेला माणूस रिकामा आहे, असं आम्ही एवढ्या शिकलेल्या लोकांनी धरून चाललो होतो. त्या दुपारी केंद्रात सगळ्यात जास्त काम करत होता तो गप्प माणूसच.

नागपूरला परतल्यावर टीमने जागल्या पुन्हा लिहिला. आता तो कोणतीही जागा काढून घेण्याआधी विचारतो. ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजते, मोबाइलवरही वाजते. उत्तर नाही आलं तर जागा मोकळी होते, पण लिहिलेलं बाजूला जपून राहतं. आणि नोंद अँब्युलन्सची असेल तर नियंत्रण कक्षातल्या माणसाला सांगितल्याशिवाय तिला हात लागत नाही. पाठवलेली नोंद असेल तरच स्क्रीनवर "गाडी निघाली" असं ठळक येतं. कोरी स्क्रीन म्हणजे काहीच नाही, हे सगळ्या ऑपरेटरांना बोलावून शिकवलं. अनिरुद्ध सरांनी विचारलं, घंटीबरोबर स्क्रीनवर वाक्य काय टाकायचं? मी सांगितलं तेच त्यांनी ठेवलं.

सुट्टीत सिंदीला गेले तेव्हा घरी हे सगळं सांगितलं. आता दोन खोल्या आहेत, शेळ्या नाहीत. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना दम लागतो, फुप्फुसं रुईने गेली आहेत असं डॉक्टर म्हणतात, दिवसातून दोनदा तोंडाने औषध ओढावं लागतं. दुपट्ट्याचं ऐकून ते खोकत खोकत हसले. "म्हंजे माह्या दुपट्ट्यावर इंजिनेर झाली, अन् आता सरकारी गाड्याही दुपट्ट्यावर चालवून राह्यली."

आई चुलीशी होती. वळूनही न बघता म्हणाली, "एकच तं होता तो."

"काय एकच?"

"दुपट्टा. दुसरा कुठं होता? तू वर्ध्याले घेऊन जाय, अन् हे जिनिंगमध्ये तसेच. म्या म्हटलं फडकं तरी बांधा, तं म्हणे फडकं गळते, तोंड मिटून घेतो मी."

मला तो दुपट्टा घडी घातलेला मांडीवर दिसला. त्यावर पुस्तक. त्याला वास यायचा रुईचा, आणि मला वाटायचं बाबांकडे दुसरा असेल. मी कधी विचारलं नाही.

"काही नाई," बाबा म्हणाले. "तुह्या मायले वाढवून सांगायची सवय हाय. समदेच रुई खात होते, म्याच एकटा नोतो." मग जरा दम घेऊन, "मले सांग, त्या मशीनवर काय लिवलं म्हणते तू? वाच बरं."

मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

जागल्या आज जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांवर चालतो. हळू पडलेलं मशीन तो ओळखतो, बहुतेक वेळा दुरुस्तही करतो. आणि जागा काढून घेण्याआधी प्रत्येक वेळी स्क्रीनवर विचारतो, "हा दुपट्टा कोणाचा जी?" त्यानंतर विचारल्याशिवाय कोणाचीही गाडी रद्द झालेली नाही.